माळाईच्या डोळ्यातली बाहुली

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, शके १८८०

वहीबाईंना दगडोबा गुरवाचा नमस्कार.

हसू नये. मला पत्राशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही. निजामाच्या राज्यात शाळेत उर्दू होतं, आणि आमच्या घरातून शाळेत धाडतंय कोण. मी अक्षरं पोथीवरून बघून चुलीच्या राखेत गिरवली. पुढं गावाची पत्रं लिहून देत आलो. तर पत्र जसं सुरू होतं तसंच हेही सुरू करतो.

तुमची तब्येत बरी असणारच, अजून कोऱ्याच आहात. माझी बरी आहे. थंडीनं उजवा गुडघा धरतो, ते दरसालचं आहे. सूनबाई शिवकांता कशी आहे? बरी असावी. खोकला ऐकू येत नाही. कपिला गाय बरी, गाभण आहे. शेजारची हरणाबाई बरी, तिच्या जिभेला तर काहीच झालेलं नाही. नारायणराव मास्तर बरे. त्यांनीच तुम्हाला माझ्या हाती दिलं. म्हणाले, "बाबा, बोलत न्हाईत तर लिहा तरी." माळावरची माळाई बरी, तिची दोन वेळची पूजा चालू आहे.

बब्रुवानचं विचारायचं उरलं नाही. माझा एकुलता पोरगा. आश्विनात तापानं गेला. शिवकांता त्याची बायको. आता घरात ती आणि मी.

लोकांना वाटतं मी फार सोसतो. सोसायला काही लागलं तर पाहिजे. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय जसा आपला राहत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याला काढल्यासारखा वाटतो, तसं सगळं अंग झालं आहे. भाकरी खातो. मीठ होतं का विचारलं तर सांगता येणार नाही. डोळ्याला टिपूस नाही. त्या दिवशीही नव्हता. त्याचे डोळे उघडे राहिले होते, पार वाटोळे, ते मीच तळव्यानं मिटले. मिटायच्या आधी वाकून बघितलं. डोळ्यातल्या काळ्यात समोरचं माणूस एवढंसं होऊन दिसतं, म्हणून तर त्याला बाहुली म्हणतात. मी दिसलो नाही. मग मिटले.

एवढं पुरे आज. नवीन वहीला इतकं सांगू नये.

मार्गशीर्ष वद्य पंचमी

आज सकाळी पूजेला गेलो तर माळाईचं कवच सुटून खाली पडलेलं.

वहीबाई, तुम्ही गावच्या नाहीत म्हणून सांगतो. माळाई म्हणजे तेर गावाच्या वरल्या अंगाला आमच्या गावच्या माळावरचा तांदळा, नाक-तोंड नसलेली नुसती शिळा. तिला शेंदूर आणि तेलाचा लेप चढवायचा हे गुरवाचं काम. लेपावर लेप चढून त्याचं जाड कवच होतं, आणि एका पिढीत एकदा ते आपल्या भारानं सुटतं. त्यात बसवलेले चांदीचे डोळे पण सुटतात. मी लहान होतो तेव्हा एकदा सुटलं होतं. तेव्हा डोळे बापानं बसवले.

कवचाखाली काळी शिळा आहे. कुणी काही न सांगता घरात येऊन बसावं तशी दिसली.

धोंडीबा पाटील आले, जोडे लांब काढून उभे राहिले. "गुरव, माघी पुनवंला जत्रा. त्याच्या आत आईला डोळे पायजेत. डोळ्याबिगर आई म्हंजे नुसती धोंड."

"व्हय पाटील," म्हटलं.

"तुमच्याच्यानं व्हतंय ना? घरात असं झालंय..."

"हाताला काय झालंय," मी म्हणालो. खरंच, हाताला काही झालेलं नाही.

पौष शुद्ध द्वितीया

तेरच्या सोनारानं डोळे घासून दिले. चांदी लख्ख झाली, पण त्या घासण्यात मधलं काळं सगळं गेलं. पांढरे शिंपले नुसते. घरी आणून ताटलीत ठेवले तर शिवकांतानं त्यांच्यावर फडकं झाकलं.

ती माझ्याशी बोलते ते दाराच्या आडून, आणि पदर कपाळाच्या खाली. सासऱ्यासमोर सुनेनं मान वर करायची नाही, सासऱ्यानं सुनेच्या तोंडाकडं बघायचं नाही, ही आमच्यात रीत. तीन सालं झाली या घरात, पण मी तिला पावलांवरून ओळखतो. बांगड्या होत्या तोवर घरात कुठं आहे ते कळायचं. आता कधीकधी वाटतं घरात कुणी नाही, आणि तेवढ्यात ताट पुढं येतं.

पौष शुद्ध नवमी

लेप झाले. आज डोळे बसवले. मेण आणि राळ पातळ करून मागून लावायची, शिळेवर दाबायचं, आणि मग चांदीत बाहुली भरायची. बाहुली भरणं म्हणजे काजळीनं मधलं काळं करणं. दोन्ही डोळ्यांतलं अंतर दोरीनं मोजलं. काळं मधोमध काढलं, पार वाटोळं, चहूबाजूंनी पांढरं सारखं. कुठं रेसभर चूक नाही.

मागं सरून बघितलं. मला काहीच वाटलं नाही. पण हल्ली मला कशानंच काही वाटत नाही, तर त्यावर भरवसा काय ठेवायचा.

संध्याकाळी शिवकांता दिव्याला तेल घेऊन आली. नेहमी उंबऱ्याबाहेर ठेवून जाते. आज वर बघितलं असावं. तेलाची वाटी हातातून निसटली. मी म्हटलं, "असू दे, माळाईलाच पोचलं."

ती म्हणाली, "मामंजी, हे डोळे म्या बघितल्यात."

"बघितले असशील की. जुनेच हायत. नुसते घासलेत."

त्यावर ती गेली. तेल पुसायचं पण राहिलं तिचं, असं कधी होत नाही.

पौष पौर्णिमा

गावाला डोळे पसंत नाहीत.

कुणी तोंडावर सांगत नाही. नारळ ठेवतात, हात जोडतात आणि आईकडं न बघता मागं फिरतात. पूर्वी बाया समोर बसून तिच्याशी भांडायच्या, घरची गाऱ्हाणी सांगायच्या. आता कुणी बसत नाही.

हरणाबाईनं मात्र सांगितलं. ती माझ्याहून थोरली, तिला कुणाची भीड. काठी टेकून समोर उभी राहिली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"दगडोबा, आईला मोतीबिंदू झाला का रे?"

"काय तरीच बोलतीस."

"न्हाय तर काय. डोळे उघडे हायत, पर आई घरात न्हाय. मी हिकडं सरले तर तिकडंच बघती, तिकडं सरले तर कुठंच न्हाय. नाव दगडोबा म्हणून दगडाला दगडासारखेच डोळे लावायचे का?"

मी हसलो. हसू आलं नव्हतं, पण अशा वेळी हसतात.

रात्री अंथरुणावर विचार केला की नजरेत असं असतं तरी काय. हात लागला तर मधे कापड असतं, शब्द बोलला तर मधे वारा असतो. नजरेला मधे काहीच नाही. भिकाऱ्याला नाही म्हणायचं झालं तर माणूस आधी डोळे काढून घेतो, मग तोंडानं नाही म्हणतो. बैल विकायला काढला की धनी त्याच्या तोंडाकडं बघत नाही, शेपटीकडून कासरा देतो. हे सगळं मला कळतं. पण कळून अंगात काही हलत नाही.

पौष वद्य चतुर्थी

शिवकांताचा भाऊ रामकिसन आला. ओसरीवर बसला, चहा झाला.

"तात्या, शिवकांताला न्यावं म्हणतो. आमच्या मंडळींच्यानं आता काम उरकत न्हाय. पोरं बारकी हायत. हिचं पण मन रमंल."

मनात म्हटलं, भाऊच तो, वाईट कशाला चिंतेल. पण त्याच वेळी मला आठवलं की तेरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, प्रेमलाबाई, मागच्या बाजारी घरी येऊन गेल्या होत्या. धाराशिवला सुईणीचं शिक्षण देतात, राहायची खोली मिळते, चौथी झालेली बाई पाहिजे असते. शिवकांताची चौथी झालेली आहे. "गुरवबाबा, जत्रेपर्यंत सांगा," म्हणाल्या होत्या, "मी तिला बरोबर नेते." ते मी विसरूनच गेलो होतो. विसरलो म्हणण्यापेक्षा, ऐकलं आणि ते कुठंतरी पडून राहिलं.

दाराकडं तोंड करून दोन्ही गोष्टी सांगितल्या. विचारलं, "पोरी, तुझं काय म्हणणं?"

आतून आवाज आला, "तुम्ही म्हणाल तसं."

रामकिसन म्हणाला, "बघा, शाणी हाय."

जत्रेला गाडी घेऊन येतो म्हणून तो गेला. मलाही वाटलं, पोर भावाकडं जायला राजी आहे. नकार तर दिला नाही.

पौष वद्य दशमी

डोळे पुसून पुन्हा भरले. तसेच झाले.

माघ शुद्ध प्रतिपदा

तिसऱ्यांदा. तेच. काळं लहान केलं, मोठं केलं, पण आई होती तिथंच, म्हणजे कुठंच नाही.

हरणाबाई सरपण घेऊन जाताना थांबली. आज टोमणा मारला नाही, त्यावरून ओळखलं की काहीतरी जड आहे.

"दगडोबा, गावात काय बोलत्यात ठावं हाय का? तुझ्या घरात रंडकी सून हाय, तिच्या हातचं तेल दिव्याला जातंय, म्हणून आई बघंना. पाटलाच्या वाड्यातून निघालीय गोष्ट. म्हणत्यात, जत्रेआधी तिला भावाकडं लावून द्यावं, मग डोळे बसतील."

"आणि तू काय म्हणतीस?"

"मी पण रंडकीच हाय की रं. चाळीस वर्सं माझ्याकडं बघतच आली ना ती बया."

पाठीवर सरपण असताना ती अशी बोलली आणि गेली. घरी आलो. शिवकांतानं ताट ठेवलं. पावलं दाराआड थांबून होती. तिच्या कानावर आलं असणार. मी भाकरी मोडली. बोलायला आधी आत काहीतरी व्हावं लागतं.

माघ शुद्ध अष्टमी

आज जे झालं ते नीट लिहितो, कारण मला ते पुरतं समजलेलं नाही.

भर दुपार होती. देवळात मी एकटा, काजळीची वाटी पुढं घेऊन बसलो होतो. शिवकांता भाकरी घेऊन आली. उंबऱ्याबाहेर ठेवली, पण गेली नाही.

"मामंजी, माणसाचं काळं येवढं उघडं नसतंय."

"म्हंजे?"

"चारी बाजूनं पांढरं दिसत न्हाय. वरची पापणी काळ्यावर येती. जित्या माणसाच्या."

"तुला काय ठावं?"

"बघा की," ती म्हणाली. आणि उंबऱ्यावर गुडघे टेकून तिनं पदर मागं केला आणि मान वर केली.

मी खाली बघितलं. सवयच ती. ती थांबून राहिली. मग म्हणाली, "आईचं काम हाय. बघा."

बघितलं.

तिचे डोळे काळे नाहीत. मला वाटायचं काळे असतील. गुळाच्या काकवीसारखे आहेत, कडेला गडद. डाव्या डोळ्यात तिळाएवढा डाग आहे. तीन सालं माझ्या घरात हा डाग आहे आणि मला ठाऊक नाही. वरची पापणी काळ्यावर जराशी आलेली, सकाळी दार किलकिलं असतं तशी. आणि मधल्या बाहुलीत एक पागोटंवाला म्हातारा उभा होता. एवढासा. हातात काजळीची काडी. माझ्याकडं बघत होता.

तेव्हा बापाचं बोलणं आठवलं, कितीतरी वर्षांनी. बाप म्हणायचा, बाहुली भरायची म्हंजे काळं फासायचं न्हवं, समोरचा तिच्यात दिसला पायजे. काजळीत राळ घोटून तो तिला चकाकी आणायचा. मी नुसती काजळी भरत होतो. पूर्वी बाया आईसमोर बसून भांडायच्या, त्यांना आईच्या डोळ्यात आपण दिसायचो. मी भरलेल्या डोळ्यात कुणालाच कुणी दिसलं नाही.

माझी काडी थांबली होती. बघायला लागलोच होतो, तर विचारलं, "पोरी, रामकिसनकडं जातीस?"

"तुम्ही म्हणाल तसं."

आवाज तोच, दाराआडचा. पण बाहुली बारीक झाली, मोहरीएवढी. त्यातला म्हातारा दिसेनासा झाला.

"आणि नर्सबाईसंगं? धाराशिवला?"

"तुम्ही म्हणाल तसं."

आणि बाहुली पसरली. ऊन तेवढंच होतं, ढग आला नव्हता, मी बाहेर बघून खात्री केली. कपिलेला हिरव्या कडवळाची पेंढी दाखवली की तिचे डोळे असेच होतात, आणि ती मात्र जागची हलत नाही, शहाण्यासारखी उभी राहते.

मला आधी वाटलं मी तिच्याकडं बघतो आहे. मग वाटलं तीच माझ्याकडं बघते आहे, आणि आश्विनापासून माझ्याकडं कुणी असं बघितलं नव्हतं. पायातल्या मुंग्या उतरताना आधी दुखतं, तसं कुठंतरी झालं. जास्त नाही.

"मग मी म्हणतो, धाराशिवला जा," मी म्हणालो.

"तुम्ही म्हणाल तसं."

तिनं पदर पुढं घेतला. उठताना म्हणाली, "आता भरून घ्या. ऊन उतरल्यावर दिसायचं न्हाय."

भाकरी गार झाली होती. मीठ जास्त होतं.

माघ पौर्णिमा

जत्रा पार पडली.

वरची पापणी मेणानं काढली, काळ्यावर जरा आणली. काजळीत राळ घोटून बाहुली भरली, मऊ फडक्यानं चोळली. दिवा लावला आणि आई घरात आली.

पहिली हरणाबाई. काठी टेकून वाकली आणि एकदम मागं सरली. "अगं बाई, मी येवढी म्हातारी कधी झाले." मग तिथंच फतकल मारून बसली आणि आईशी भांडायला लागली, सून कशी ताकात पाणी घालते ते. मागं रांग थांबली. धोंडीबा पाटलांनी हात जोडले, आणि आईच्या डोळ्यात बघून पागोटं सरळ केलं. तेलाबद्दल कुणी अक्षर काढलं नाही.

रामकिसन गाडी घेऊन आला होता. त्याला सांगितलं. म्हणाला, "तात्या, बाईमाणूस परगावी एकटं. लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते म्हणून झालंय त्यांचं," मी म्हटलं. "तू तिला विचार."

"मागं इचारलं की. तिनं सांगितलं, तुम्ही म्हणाल तसं."

"आवाजाला नगं इचारू," मी म्हणालो. तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. रिकामी गाडी घेऊन गेला, पण बहिणीच्या हातात चोळीचा खण ठेवून गेला. मनानं वाईट नाही.

गर्दी सरल्यावर शिवकांता आली. उंबऱ्याच्या आत आली आज. आईसमोर उभी राहिली, फार वेळ.

"आता ते न्हाईत," ती हळूच म्हणाली.

"कोण?"

"काय न्हाय." आणि हात जोडले.

मी परत विचारलं नाही. का विचारलं नाही ते मला ठाऊक नाही. देवळाची भिंत धरून मात्र उभं राहावं लागलं, गुडघ्यानं धरलं होतं म्हणून.

माघ वद्य तृतीया

प्रेमलाबाई शिवकांताला न्यायला आल्या. तेरपर्यंत बैलगाडी, तिथून धाराशिवची बस. मी तेरपर्यंत गेलो.

बस निघताना शिवकांतानं खिडकीतून पदर मागं केला, चारचौघात, आणि माझ्याकडं सरळ बघितलं. मीही बघितलं. प्रेमलाबाई म्हणाल्या, "गुरवबाबा, काळजी करू नका." मी म्हटलं, व्हय. बस गेल्यावर जरा वेळ कळेना की कुठं बघावं.

परतीला गाडीवानाला वाटलं मी डुलकी घेतो आहे.

फाल्गुन शुद्ध द्वितीया

आज चूल मीच पेटवली. ओलं लाकूड, धूर फार. डोळ्यातून पाणी चाललं ते बराच वेळ थांबेना, पागोट्याचा शेव भिजला. हरणाबाई डोकावून म्हणाली, "धूर लागला व्हय?" मी म्हटलं, व्हय. ती म्हणाली, "लागू दे." आणि दार लोटून गेली.

नंतर भाकरी थापली. वेडीवाकडी झाली, पण चव होती.

धाराशिवला पत्र धाडायचं आहे. आधी इथं लिहून बघतो.

चि. सौ.— सौ. खोडलं, हात सवयीनं गेला. चि. शिवकांता हिस आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे? प्रेमलाबाई बऱ्या आहेत ना? खोलीत संगं कोण आहे, तिची तब्येत कशी? अन्न मानवतं का? इकडं मी बरा आहे, गुडघाही बरा. कपिला व्याली, कालवड झाली, दोघी बऱ्या आहेत. कालवडीच्या डाव्या डोळ्यात तिळाएवढा डाग आहे, म्हणून तिचं नाव ठेवायचं थांबवलं आहे, तुला विचारून ठेवीन. हरणाबाई बरी, आईशी तिचं भांडण मिटलेलं नाही. माळाई बरी आहे. सकाळी पूजेला गेलो की तिच्या डोळ्यात मी एकटाच दिसतो, म्हणून थोडा वेळ तिथंच बसतो.

तिथलं शिकणं कसं आहे, जमतं का, कुणी बोललं तर काय बोललं, सगळं लिही. मोठं नसलं तरी चालेल, दोन ओळी चालतील. पण "तुम्ही म्हणाल तसं" एवढं लिहू नकोस. कागदात डोळे दिसत नाहीत, मला कळायचं नाही.

पत्राचं उत्तर लवकर धाड. वाट बघतो.